मिसफायर शोधायला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, एकदम कामाची वस्तू

पिकअप आयडलला थरथरायची, लोड घेऊन चढावर गेली की झटके मारायची आणि चेक इंजिन लाईट लागलेला, म्हणून हा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेतला. लावल्या लावल्या कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसफायर करतोय, त्यात इंधन नीट जळत नाहीये (पी०३०० आला असता तर कुठला सिलेंडर ते कळलंच नसतं). पण एक लक्षात घ्या, स्कॅनर फक्त सिलेंडर सांगतो, कारण नाही सांगत, लोक कोड बघून लगेच पार्ट बदलत सुटतात ते करू नका. मी दोन नंबरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारा पार्ट) चार नंबरच्या सिलेंडरला लावली, कोड क्लिअर केला, गाडी फिरवली तर कोड पी०३०४ झाला, म्हणजे कॉइलच गेलेली. कोड हलला नसता तर मग प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब तपासणं) करावी लागली असती.

लाईव्ह डेटात सिलेंडरवार मिसफायर काउंट दिसतो, हे फीचर मला सगळ्यात आवडलं. ॲप मात्र स्लो आहे, कनेक्शन मधेच तुटतं, त्याचा एक स्टार कापला. आणि लाईट ब्लिंक होत असेल तर गाडी दामटू नका प्लीज, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा पार्ट) जातं आणि कन्व्हर्टर जळतो, तो खर्च लई मोठा असतो.