टोमॅटो टायमर आणि कालनिर्णय : आठ महिने वापरल्यानंतर

वस्तू अगदी साधी आहे. टोमॅटोच्या आकाराचा, पिळून लावायचा किचन टायमर. गुढीपाडव्याच्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानातून २८० रुपयांना आणला. अंडी उकडायला नव्हे, जीएसटीची बिलं चढवायला. आता डिसेंबर लागला, म्हणजे आठ महिने झाले.

माझं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभराची बिलं बिस्किटाच्या खोक्यात टाकायची आणि "रविवारी निवांत बसून टॅलीत चढवू" म्हणायचं, ही माझी जुनी पद्धत. (टॅली म्हणजे कॉम्प्युटरवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर.) तो निवांत रविवार काही उगवला नाही. १० तारखेच्या रात्री खोकं उपडं करावं तर थर्मल कागदांवरची अक्षरं उडालेली, बिलं एकीकडे, बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) दुसरीकडे. गेल्या वर्षी ३बी, म्हणजे जीएसटीचा दर महिन्याचा फॉर्म, चार वेळा उशिरा भरला. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे ४७ दिवसांचे २,३५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज.

पैशाचं एक वेळ सोडा. जीएसटीआर-१, म्हणजे माझ्या विक्रीच्या बिलांची यादी, ११ तारखेपर्यंत गेली नाही, तर १४ तारखेला निघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या यादीत, माझं बिल येत नाही आणि त्याने खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, अडकतं. दहा वर्षांपासूनचा एक कॉन्ट्रॅक्टर काउंटरवर येऊन शांतपणे म्हणाला, "शेठ, माल तुमचा चांगलाच हाय. पण बिल आता दुसरीकडनं घेतो." ते फार लागलं.

आधी मोबाईलवर ॲप घेतलं होतं. टायमर सुरू करायला फोन उचलायचा आणि ग्रुपवरची सुप्रभातं बघत वीस मिनिटं घालवायची. म्हणून हा बिनडोक टोमॅटो. मूळ कल्पना फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाची. १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, तो असाच टायमर लावून अभ्यासाला बसायचा. त्यावरून पद्धतीचं नाव पोमोदोरो, इटालियनमध्ये टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. विद्यार्थ्याला ठीक आहे. आमच्या काउंटरवर सातव्या मिनिटाला कोणीतरी "अर्धा इंची एल्बो आहे का?" विचारतोच. पहिले दोन आठवडे एकदाही घंटेपर्यंत पोचलो नाही.

मग सकाळी शटर अर्ध्यावर ठेवून ९ ते सव्वानऊ बसायला लागलो. फक्त पंधरा मिनिटं. आदल्या दिवशीची बारा-पंधरा पक्की बिलं तेवढ्यात चढतात. भरलेलं खोकं दिसलं की पोटात गोळा यायचा, कालची तेरा बिलं बघून येत नाही. एवढाच काय तो फरक, पण माझ्यासाठी तोच मोठा निघाला.

टायमरच्या खोडी : थेट १५ वर लावला तर कधीकधी वाजतच नाही, आधी ३०च्या पुढे पिळून मागे आणावा लागतो. २५ लावले की साडेतेवीसलाच वाजतो. टिकटिक मोठी आहे. कामावरच्या पोराने पहिल्या दिवशी विचारलं, "शेठ, काय फुटणार तर न्हाई ना?" जूनमध्ये काउंटरवरून पडला, देठ तुटला, फेव्हिक्विकने चिकटवला. चालतोय.

दुसरा भाग कालनिर्णयचा. बसलो त्या दिवशीच्या चौकटीत फुली मारायची, साखळी तुटू द्यायची नाही, असं ठरवलं. पण आमच्या घरात फुली म्हणजे त्या दिवशी दूध नाही! मेअखेरीला लेकीने हिशोब केला, १९ फुल्या वजा केल्या आणि १२ लिटरचे पैसे पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात. "वहिनी, एकोणीस दिवस चहा बिनदुधाचा पिला व्हय?" बायकोने वळून माझ्याकडे बघितलं. "अहो, ह्या फुल्या तुमच्या?" तेव्हापासून मी हिरवा ठिपका देतो.

२१ दिवसांत सवय लागते, हे मीही धरून चाललो होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरणार होते, तर कोणाला २५४ लागणार होते. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. माझा एखादा कुठला? गणपतीत सगळेच्या सगळे दिवस गेले, आणि विसर्जनानंतर "आधी साठलेलं संपवू, मग रोजचं सुरू करू" म्हणण्यात आणखी पंधरा. खोकं पुन्हा भरलं. शेवटी जुनी बिलं पिशवीत घालून खुंटीला टांगली, कालच्या बिलांपासून सुरुवात केली आणि पिशवीतली रोज पाच-पाच काढली. तरी २० सप्टेंबरचा ३बी चार दिवस उशिरा गेलाच, २०० रुपये बसले. आठ महिन्यांत तेवढा एकच.

घ्यावा का? दुकान, क्लास, शिलाई, असं अधूनमधून माणूस येणारं काम असेल तर २५ मिनिटांच्या नादी लागू नका, गिऱ्हाईक यायच्या आधीची पंधरा पकडा. एकटाकी लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर ऐन रंगात घंटा वाजेल आणि चिडचिड होईल. त्या कॉन्ट्रॅक्टरचं विचाराल तर तो अजून परतला नाही. मध्ये एकदा स्क्रूचं पाकीट घ्यायला आला होता, रोखीने.

पुढच्या वर्षाचं कालनिर्णय आणलंय. जानेवारीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात बायकोने लाल पेनाने लिहून ठेवलंय : "फुली = दूध नाही. बाकी कोणी मारायची नाही."