दहा केव्हीचा इलेक्ट्रोस्टॅटिक व्होल्टमीटर : नऊ महिने वापरल्यावर

जुन्या बाजारातून साडेचार हजाराला आणलेला हा मीटर जुलैत मी विकायला काढला होता. आयोनायझरच्या (हवेत आयन सोडणाऱ्या यंत्राच्या) सप्लायला लावला की काटा 6.4 केव्हीवर, म्हणजे 6400 व्होल्टवर जायचा, तो पाचापाशीच अडकायला लागला. विकणारा म्हणाला, "जुना माल आहे, गॅरंटी नाही." कॅलिब्रेशनवाल्यांनी मीटरच्या किमतीहून जास्त दर सांगितला.

शेवटी झाकण स्वतःच उघडलं. आतल्या टर्मिनलच्या इन्सुलेटरवर धुळीचा चिकट थर होता, वर पावसाळी दमट हवा; त्यातूनच करंट गळत होता. आयसोप्रोपिलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसला आणि दोन तास दिव्याखाली वाळवला. पुन्हा लावला, तर 6.4! इन्सुलेटेड काठीने वायर बाजूला केली, तरी काटा तिथेच. मिनिटभरात जेमतेम एक घर उतरला. म्हणजे गळती थांबली; पुसण्याआधी वायर काढताक्षणी शून्यावर यायचा. आता मोजण्याआधी ही चाचणी करतोच, आणि झाल्यावर टर्मिनल अर्थिंगला जोडल्याशिवाय हात लावत नाही.

खरं तर जानेवारीतही मी याच्यावर उगीच संशय घेतला होता. त्याच सप्लायवर 1000 मेगओहम रेझिस्टन्सचा हाय-व्होल्टेज प्रोब 5.7 दाखवायचा आणि हा 6.4, म्हणून मी प्रोबचं खरं मानलं. पण प्रोब स्वतःच 5.7 मायक्रोअँपिअर ओढतो, आणि सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरच्या दहा टप्प्यांच्या मल्टिप्लायरला (टप्प्याटप्प्याने व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटला) तेवढाही भार झेपत नाही, व्होल्टेज खाली येतं. या मीटरमध्ये दोन प्लेटी एकमेकींना ओढतात, त्या ओढीनेच काटा फिरतो. प्लेटी भरल्या की डीसीवर करंट जवळपास शून्य. एसीवर तसं नाही: 15 पिकोफॅरडचा मीटर 50 हर्ट्झच्या 10 केव्हीला 47 मायक्रोअँपिअर घेतो. मात्र वेव्हफॉर्म कसाही वाकडा असो, आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) खरा मिळतो.

माझा राग आहे तो स्केलवर. ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 2 केव्हीला ती 10 केव्हीच्या फक्त 4 टक्के. खालचे आकडे इतके दाटीवाटीने बसलेत की 1 आणि 1.5 मधला फरक भिंग लावूनही ठरवता येत नाही. माझं निम्मं काम दोन केव्हीच्या आतलं! एवढी नाजूक रचना करणाऱ्यांनी प्लेटींचा आकार थोडा बदलून खालची बाजू मोकळी करायला हवी होती.

विकायचा विचार सोडला आहे. 3 केव्ही रेंजचा दुसरा शोधतोय. कुणाकडे असेल तर कळवा, पण इन्सुलेटर तडकलेला नको.