एलए-टूए: गाणाऱ्या आवाजासाठी माझी पहिली पसंती

आवाज रेकॉर्ड करायला एकच ॲनालॉग यंत्र ठेवायचं म्हटलं, तर मी एलए-टूए ठेवीन. हा कॉम्प्रेसर आहे, म्हणजे आवाज फार चढला की तो आपोआप आवरणारं यंत्र. त्यावर कामाचे मोठे नॉब दोनच: गेन (एकूण पातळी) आणि पीक रिडक्शन (किती दाबायचं). अटॅक-रिलीज, म्हणजे किती चटकन दाबायचं आणि किती चटकन सोडायचं, हे ठरवत बसायचं नाही, त्यामुळे माझं सगळं लक्ष गाणाऱ्याकडे राहतं.

खरी करामत आतल्या टी-फोर सेलची. सिग्नल वाढला की त्यातली पट्टी उजळते आणि तो उजेड पडताच शेजारचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर पातळी खाली आणतो. अटॅक सरासरी १० मिलिसेकंद. सोडताना निम्मी घट ६० मिलिसेकंदांच्या आसपास निघून जाते, उरलेली मात्र सावकाश, सेकंदांच्या हिशेबात. म्हणूनच लांबवलेले स्वर आणि शब्दांचे शेवट चेपल्यासारखे वाटत नाहीत. हे मला फार फार आवडतं! रेकॉर्डिंगच्या वेळी मी पातळीतली घट दाखवणारी सुई ३ ते ५ डेसिबलपुढे जाऊ देत नाही, बाकीचं मिक्सिंगला.

तालवाद्यांवर मात्र नको. थाप निसटून जाते आणि मग हा जागा होतो. तिथे ११७६ हा दुसरा कॉम्प्रेसर लावा, त्याचा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली येतो.

जुना एलए-टूए घेताना व्हॉल्व (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) आणि टी-फोर सेल दोन्ही तपासून घ्या. सेल म्हातारा झाला की रिलीज बदलतो, आणि स्टिरिओसाठी जोडी हवी असेल तर सेल जुळणारेच लागतात. रॅकमध्ये वरची जागा मोकळी सोडा, व्हॉल्व चांगलेच तापतात.