पाचवीलाच हायस्कूल, की सातवीपर्यंत गावचीच शाळा?

एप्रिल उजाडला की चौथीच्या मुलांच्या घरी पाहुणे यायला लागतात. शेजारच्या मोठ्या गावातल्या नाहीतर तालुक्याच्या हायस्कूलचे शिक्षक मोटरसायकलवर येतात, ओट्यावर टेकतात, चहा घेतात आणि विचारतात, "यंदा पाचवीला आमच्याकडं घालताय ना?" कुणी दप्तर देऊ म्हणतं, कुणी गणवेश. संध्याकाळी गावच्या शाळेच्या बाई येतात आणि म्हणतात, "आपली शाळा सातवीपर्यंत आहे, एवढी घाई कशाला?" आईवडील मधल्यामध्ये अडकतात.

दोन्हीकडच्या आग्रहामागे एकच गोष्ट असते, ती म्हणजे पट. मुलं असली तर संचमान्यतेत, म्हणजे पट बघून सरकार शाळेची शिक्षकपदं ठरवतं त्यात, शिक्षकाचं पद टिकतं, नाहीतर शिक्षक अतिरिक्त ठरतो. मी स्वतः २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि पटासाठी अशीच दारोदार फिरले. ते शिक्षक तुम्हाला फसवत नसतात, पण त्यांची काळजी आपल्या तुकडीची असते आणि तुमची तुमच्या लेकराची. माझ्या दोन मुलींपैकी थोरली पाचवीला हायस्कूलला गेली, धाकटी सातवीपर्यंत गावात शिकली. त्यामुळे हे दोन्ही रस्ते मी शिक्षिका म्हणून पाहिले आणि आई म्हणूनही.

आपल्याकडे हा पेच पडतो, कारण दोन रचना शेजारी शेजारी चालतात. पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून माध्यमिक, ही जुनी घडी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी नवी घडी घातली. काही जिल्हा परिषद शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, बहुतेक हायस्कुलांनी पाचवीपासूनचे वर्ग चालूच ठेवले. म्हणून हायस्कूलला जायला मुलांना दोन दारं आहेत, पाचवीचं आणि आठवीचं.

शिकवणार कोण?

इमारत, संगणक कक्ष, बँडपथक हे सगळं नंतर बघा. पहिला प्रश्न हाच विचारा की सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं.

कायदा सांगतो की सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पट कमी असलेल्या गावात हे जुळत नाही. एका शाळेत मी तीन वर्षं सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसवून सगळे विषय शिकवले. भाषा आणि इतिहास मनापासून शिकवला, मुलांनीही तो घेतला. विज्ञानाचे प्रयोग मात्र निम्मे फळ्यावरच राहिले. त्या मुलांचं देणं माझ्याकडे राहिलं असं मला आजही वाटतं. याउलट दुसऱ्या एका गावात गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक होता, वर्गात १८ मुलं होती, आणि प्रत्येकाची वही तो रोज बघायचा. आठवीला हायस्कूलला गेल्यावर ती मुलं कुठेही कमी पडली नाहीत.

हायस्कूलमध्ये विषयाला शिक्षक असतो, ही जमेची बाजू मोठी आहे. पण तो पाचवीच्या वर्गावर येतो का, हे विचारून घ्या. मुख्याध्यापकांची सगळी काळजी दहावीच्या निकालाची असते, म्हणून अनुभवी माणसं नववी-दहावीला दिली जातात. पाचवीला कधी उरलेल्या तासिका मिळतात, कधी तासिका तत्त्वावरचे शिक्षक. माझ्या थोरलीच्या पाचवीच्या वर्गात ६४ मुली होत्या आणि गणिताची जागा दिवाळीपर्यंत रिकामी होती. गावच्या शाळेत तिची चूक त्याच दिवशी सापडायची. तिथे ती सहामाहीच्या पेपरात सापडली.

तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, भर कामाच्या दिवशी, दोन्ही शाळांत एकेक तास जाऊन या. व्हरांड्यात उभं राहिलं तरी वर्गात काय चाललंय ते कळतं. जमलं तर दोन्हीकडच्या सहावीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या बघा. माझा तरी शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा तपासलेल्या वहीवर जास्त विश्वास आहे.

अभ्यास कुठे बदलतो?

पाचवीला हिंदी हा नवा विषय येतो, बाकी परिसर अभ्यास ओळखीचाच असतो. खरी उडी सहावीला आहे. परिसर अभ्यासाच्या जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे वेगवेगळे विषय येतात. पुढची मोठी उडी नववीला, तिथे गणिताची दोन पुस्तकं होतात. म्हणजे पाचवीला गेलेल्या मुलाला नव्या शाळेत रुळायला एक सौम्य वर्ष मिळतं. आठवीला गेलेल्याला नववी येण्याआधी तसंच एकच वर्ष असतं, पण ते इतकं सौम्य नसतं.

दोन्ही दारांवर वार्षिक परीक्षेचा उंबरा आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात बदल केला, त्यानंतर राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा. म्हणून कुठल्याही दाराने गेलात तरी नव्या शाळेतलं पहिलंच वर्ष सैल सोडू नका.

आठवीच्या दाराची खरी अडचण सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून शिकवण्याची आहे. ज्या हायस्कूलमध्ये सेमीची तुकडी पाचवीपासून चालते, तिथे आठवीला नव्याने आलेल्यांना बहुधा मराठी माध्यमाची तुकडी मिळते, किंवा चाचणी देऊन आत जावं लागतं. माझी धाकटी चाचणी देऊन सेमीत गेली. गणित तिला येत होतं, पण अंश-छेद, लसावि-मसावि हे सगळं इंग्रजी नावांनी समोर आल्यावर पहिलं सत्र ती गप्पच होती. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एका वहीत डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे देवनागरीत त्याचा इंग्रजी उच्चार असे दीडशेच्या आसपास शब्द लिहून काढले, तेव्हा ती मोकळी झाली. हेच काम सातवीच्या मे महिन्यात केलं असतं तर चार महिने वाचले असते. मराठी माध्यमातच पुढे शिकवायचं ठरलं असेल तर हा मुद्दा सोडून द्या. त्यात काहीही कमीपणा नाही.

वाट आणि वय

दहा वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल एसटीच्या दारात वेगवेगळ्या तऱ्हेने चढतं. पाचवीचं पोर गर्दीत मागे राहतं, त्याची जागा मोठी मुलं घेतात, पावसाळ्यात फेरी रद्द झाली तर ते स्टँडवर रडत बसतं. गावातून त्याच गाडीने जाणारं आठवी-नववीचं ओळखीचं मूल असेल तर अर्धी काळजी मिटते. नसेल, आणि वाट पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर मी पाचवीला पाठवायला कचरेन.

मुलींच्या बाबतीत पासाचे पैसे हे कारण नको. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, आणि मुलांना सवलतीच्या पासाला तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसेस धावतात, आठवीपासून सायकलसाठीही मदत मिळते. ती योजना आठवीपासून आहे, पाचवीला सायकल मिळेल या भरवशावर राहू नका.

पास मिळतो, पण शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी असतं का? पाळी साधारण सहावी ते आठवीच्या दरम्यान सुरू होते. गावच्या शाळेतली मुलगी दहा मिनिटांत घरी येते. आठ किलोमीटरवरची मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, महिन्यातले तीन-चार दिवस शाळा बुडवते, आणि आईला "पोट दुखतंय" एवढंच सांगते. अशा मुली मी दर वर्षी पाहिल्या. शाळा बघायला जाल तेव्हा आईने मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन नळ सोडून बघावा. कडी आहे का, पॅड टाकायची सोय आहे का, एखाद्या बाईंपाशी पॅड ठेवलेले असतात का, हेही संकोच न करता विचारावं.

नवोदय मनात असेल तर

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. तिच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीत असताना एकदाच परीक्षा देता येते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण, त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्तेचे. विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. ग्रामीण कोट्यासाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण काढलेली लागतात. पाचवीला नगरपालिका हद्दीतल्या हायस्कूलमध्ये नाव घातलंत की तो कोटा गेला. घर खेड्यात असलं तरी उपयोग होत नाही. एका हुशार मुलाचं असं झालेलं मी पाहिलं आहे. फॉर्म भरताना त्याच्या वडिलांना ते कळलं, तोवर दुसरं सत्र जवळ आलं होतं. नवोदयचा विचार असेल तर पाचवी गावातच काढा.

आठवीतल्या एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला मात्र फरक पडत नाही. जिल्हा परिषद असो की अनुदानित हायस्कूल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल तर मूल परीक्षेला बसू शकतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित खासगी शाळेत घातलंत तर हे दार बंद होतं. पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार आठवीपर्यंत दोन्हीकडे मोफत आहेत, त्यामुळे खर्चाचा फरक मुख्यतः गणवेश, प्रवास आणि शिकवणीचा.

माझं मत

गावच्या शाळेत पाचवी ते सातवीला किमान दोन शिक्षक असतील आणि त्यातला एक गणित-विज्ञानाचा असेल, तर मूल सातवीपर्यंत तिथेच राहू द्या. लहान वर्ग, ओळखीच्या बाई आणि चालत जायची शाळा यांची किंमत मी फार मोठी धरते. धाकटी सातवीत परिपाठाला रोज उभी राहून बोलायची. थोरली ६४ जणींत तीन वर्षांत एकदाही फळ्यापाशी गेली नव्हती.

तिन्ही वर्ग एकाच शिक्षकावर असतील, किंवा पट इतका खाली आला असेल की पद राहण्याची खात्री नाही, तर पाचवीलाच हलवा, आणि हलवायचं ते पाचवीलाच. सहावीत मधेच जाणाऱ्या मुलाला नवे विषय आणि नवी शाळा एकाच जूनमध्ये सोसावी लागते, आणि वर्गातल्या मैत्र्या एव्हाना जुळून गेलेल्या असतात.

ठरलं की मे महिना कामाला लावा. मुलाला घेऊन त्याच वेळेच्या गाडीने एकदा जाऊन या, गाडी चुकली तर कुणाच्या दुकानात थांबायचं आणि कुठला फोन नंबर सांगायचा ते तिथेच उभं राहून ठरवा. वेळापत्रक बघून दप्तर भरायची सवय लावा, गावच्या शाळेत तासिकांची घंटा नसते म्हणून हे त्यांना नवं असतं. पाचवीला जाणाऱ्याला एक पान न अडखळता वाचता यावं आणि हातच्याची वजाबाकी यावी. आठवीला जाणाऱ्याचे अपूर्णांक पक्के असावेत. वर्गात कळलं नाही तर हात वर करून "सर, परत सांगा" म्हणायचा सराव घरी करून घ्या. आमच्या गुरुजी-बाईंच्या शाळांतली मुलं सर आणि मॅडम म्हणायलाच आठवडा घेतात.

आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधी जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली नोंद वाचून घ्या. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, सगळं आधार आणि जन्मदाखल्याशी ताडून बघा. मूल पटावर असताना चूक सापडली तर अर्ज आणि पुराव्यावर दुरुस्ती होऊ शकते. दाखला निघाल्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या लागतात. जात पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेचीच नोंद मागतात, म्हणून दाखल्याच्या दोन प्रती काढून एक घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत कुणी प्रवेश नाकारू शकत नाही. तसं कुणी सांगितलं तर शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम दाखवा.