खजिना शोधाचा तयार डबा: कोडी काढून ठेवा, बाकीचं वापरा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की ‘खजिना शोध’चे तयार डबे ऑनलाइन दिसायला लागतात. त्यातलाच हा एक डबा ६४९ रुपयांचा आहे. आत कोड्यांची २४ कार्डं, घडीचा नकाशा, ३ मिनिटांचं वाळूचं घड्याळ, ५० सोनेरी प्लास्टिकची नाणी, नाडीची कापडी थैली आणि मोठ्यांसाठी ४ पानांची पुस्तिका आहे. झाकणावर ‘वय ५ ते १०’ आणि त्याखाली ‘विशेष मुलांसाठीही उपयुक्त’ असं छापलंय. दुसरी ओळ वाचून स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकरासाठी डबा मागवणार असाल, तर तो घरी आल्यावर तुमचं दोन-तीन दिवसांचं काम आहे हे धरूनच मागवा.

पहिली अडचण कोड्यांची. ‘माझं पोट थंड, पोटात दूध, सांगा मी कोण?’ हे फ्रिजचं कोडं. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलासाठी पोट म्हणजे पोटच. ते स्वतःच्या पोटाला हात लावेल, नाहीतर गाईकडे जाईल, आणि त्याच्या परीनं दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. कार्डांवर बाथटब आहे, पत्रपेटी आहे, सोफा आहे. नकाशा दुमजली बंगल्याचा. आपल्याकडे ओसरी, माजघर, सैपाकघर, न्हाणी आणि मागं कोठा. चित्रातलं घर आपलं नाही, म्हणजे त्या मुलासाठी ते कुठलंच घर नाही. कार्डं आणि नकाशा दोन्ही बाजूला काढा.

त्यांच्या जागी मोबाइलवर काढलेले तुमच्याच घरातले फोटो. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसून, दिवसाच्या उजेडात काढा. एका फोटोत एकच वस्तू हवी: पाण्याचा माठ, बाज, तुळशीवृंदावन, न्हाणीतली बादली. मागं दोरीवर कपडे वाळत असतील तर मूल माठ सोडून लाल ओढणीच शोधत बसतं. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंट काढा आणि तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करा. चकचकीतपेक्षा मॅट बरं, कारण चकाकणाऱ्या कार्डावर उजेड हलवून पाहण्यात काही मुलं रमून जातात आणि फोटो राहतो बाजूला. लॅमिनेशनचे कोपरे टोचतात, ते कात्रीनं गोल करून घ्या.

फोटो कधी काढता, यावर फार काही ठरतं. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकतं, भिंतीचा रंग बदलतो, माठ ओसरीतून माजघरात जातो. दसऱ्याच्या सुमारास काढलेला फोटो दिवाळीत खोटा ठरतो, आणि फोटोत आहे ते जागेवर नसलं की मूल खेळ तिथंच सोडतं. घर लावून झालं की मगच फोटो काढा.

मुलाला फोटो कळतो का, हे आधी तपासून घ्या. चमचा, पाण्याचा मग आणि घंटी समोर मांडायची आणि एकेकाचा फोटो हातात द्यायचा. ५ पैकी ४ वेळा त्यानं फोटो बरोबर वस्तूवर ठेवला तर फोटो चालतील. नसेल ठेवत, तर वस्तूच द्या: चमचा दिला की सैपाकघर, मग दिला की न्हाणी, बैलाच्या गळ्यातली घंटी दिली की कोठा. यात काही कमीपणा नाही. वस्तू हातात धरून नेमक्या जागी पोचणारं मूल तोच खेळ खेळतंय.

पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘मुलांना आश्चर्याचा धक्का द्या’. इथं आमचा पुस्तिकेला पूर्ण विरोध आहे. पुढं काय येणार हे माहीत असणं, ते येताना पाहणं आणि ते अगदी तसंच निघणं, यात या मुलांचा आनंद असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ साली राज्यभर सुरू झालेल्या, स्वमग्न मुलांसाठीच्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमाची मांडणी इथं उपयोगी पडते: कामं डावीकडून उजवीकडे ओळीनं लावायची आणि झालेलं काम शेवटच्या खोक्यात टाकायचं. खेळायच्या आदल्या दिवशी सगळे फोटो एका पट्टीवर क्रमानं लावून मुलाला दाखवा. पट्टीला व्हेल्क्रो लावणार असाल तर त्याचा चर्र आवाज मुलाला सहन होतो का ते आधी पाहा. होत नसेल तर कपड्यांचे चिमटे लावा.

सुरुवात शेवटून करा. पहिल्या दिवशी मुलाला थेट खजिन्याच्या खोक्यासमोर न्या आणि ते त्याला उघडू द्या, बास. दुसऱ्या दिवशी त्याआधीचा एक फोटो जोडा, तिसऱ्या दिवशी दोन. म्हणजे मूल दर वेळी ओळखीच्या शेवटाकडे चालत जातं. ४ किंवा ५ ठिकाणांवर थांबा, १०-१२ मिनिटांत खेळ व्हायला हवा. २४ कार्डांचा बेत केला तर सहाव्या-सातव्या कार्डाला रडारड होते आणि दुसऱ्या दिवशी मूल पट्टीकडे बघायलाही तयार होत नाही.

घरातल्या मोठ्यांना एकच गोष्ट सांगून ठेवा: कार्ड दिलं की मनातल्या मनात दहा मोजायचे आणि गप्प राहायचं. आजी म्हणते, ‘पाय बरं, कुठी असन?’, तेवढ्यात मामा म्हणतो, ‘अरे, नाकासमोर तर हाय!’, काकू टाळ्या वाजवते. तीन आवाज एकदम आले की मूल कानावर हात ठेवतं. दहा मोजूनही ते हललं नाही तर बोलू नका, बोटानं दाखवा. तरीही नाही तर सोबत चालत जा.

नाण्यांबद्दल सांगायचं तर, वस्तू तोंडात घालायची सवय असलेल्या मुलाच्या घरात ती ठेवूच नका. बाकीच्या मुलांनाही ‘सोन्याचं नाणं म्हणजे बक्षीस’ हे आपोआप कळत नाही. खजिना त्या मुलाच्या आवडीचाच हवा: एसटीची जुनी तिकिटं, सायकलची घंटी, रंगीत झाकणं, राजगिऱ्याचा लाडू, आंबिया बहाराचं संत्रं. मात्र त्याची रोजची लाडकी वस्तू लपवू नका. खेळ सुरू व्हायच्या आधी ती जागेवर दिसली नाही की त्याच्यासाठी ती हरवलीच, आणि मग कुठलं कार्ड अन् कुठलं काय. तशीच दुसरी, नवी वस्तू ठेवा.

वाळूचं घड्याळ चांगलं आहे, पण शोधण्याची वेळ मोजायला ते लावू नका. वाळू पडताना बघत मूल तिथंच बसतं. बहीण-भाऊ सोबत खेळत असतील तर ‘तुझी पाळी येईस्तोवर’ थांबण्यासाठी ते उत्तम. डब्यात कार्डांचा एकच संच असल्यामुळे भावंडं पुढं पळून खजिना उघडतात. फोटोंना प्रत्येकाच्या वेगळ्या रंगाची कडा लावली आणि प्रत्येकाचं खोकं वेगळं ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

जागा निवडताना दोन ठिकाणं वगळा. घरात कापूस साठवलेला असेल तर ती खोली. गंजीत शिरलेलं मूल बाहेर यायला मागत नाही आणि साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते ती वेगळीच. दुसरं ठिकाण पाण्याचं: विहीर, हौद, शेततळं. बरीच स्वमग्न मुलं नजर चुकवून निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. म्हणून विहिरीच्या वाटेवर एकही फोटो नको, आणि खेळ संपेपर्यंत एक मोठं माणूस फाटकाजवळ उभं असावं. त्याला दुसरं काही काम देऊ नका. खेळ वावरात नेण्याचा मोह होतो, पण पहिल्या वर्षी अंगणापर्यंतच ठेवा.

वेळ सकाळी दहाच्या सुमारासची बरी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सुरू असताना हा खेळ मांडू नये.

थैलीची नाडी लांब आहे. ती मुलाच्या गळ्यात अडकू शकते, म्हणून काढून टाका आणि धरायला आखूड बंद शिवा. डब्याचं पुठ्ठ्याचं झाकण मात्र जाड आणि टिकाऊ आहे. त्याला पोस्टाच्या पेटीसारखी फट पाडली की ‘संपलं’चं खोकं तयार. प्रत्येक ठिकाण झालं की तो फोटो मुलानं त्यात टाकायचा.

एका मुलासाठी ६४९ रुपये जास्त वाटतात. चपलेचं खोकं, पाच फोटो आणि जुन्या साडीची थैली घेतली तरी खेळ तितकाच चांगला होतो. शाळेत किंवा अंगणवाडीत चार-पाच मुलांत मिळून वापरायचा असेल तर थैली, घड्याळ आणि खोक्यासाठी घ्यायला हरकत नाही. खेळानंतर मुलानं पट्टी आणून परत तुमच्या हातात दिली, तर दुसऱ्या दिवशी जागा बदलू नका. तेच फोटो, तोच क्रम, तोच खजिना पुन्हा मांडा.