निर्णयवही म्हणून 200 पानी रजिस्टर: कापूस घरात ठेवणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं हे साधं फुलस्केप रजिस्टर. पुठ्ठ्याची बांधणी, आडव्या रेघा. लोक ते हजेरीला नाहीतर उधारीला नेतात. स्वतःचे निर्णय तपासायला मात्र तारखांच्या डायरीपेक्षा आणि मोबाइलपेक्षा हेच सरस आहे. डायरीत रोजचं पान रिकामं राहतं आणि खरा मोठा निर्णय एका पानात मावत नाही. मोबाइलमधली नोंद मागाहून बदलता येते, आणि मन नेमकं तेच करू पाहतं.

मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1975 मध्ये हे दाखवून दिलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि रशिया दौऱ्यांत काय काय घडेल, याचे अंदाज त्यांनी आधी लिहून घेतले. दौरे झाल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा जे घडलं होतं त्याची शक्यता आपण जास्त धरली होती, असं लोकांना आठवू लागलं. खान्देशात याचं उदाहरण कापसाचं. 2021-22 च्या हंगामात भाव क्विंटलला 10,000 च्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने घराघरांत कापूस थांबला आणि भाव उतरला. आज "मला तेव्हाच वाटत होतं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. तेव्हाचं लिहिलेलं मात्र कुणाकडे नसतं, म्हणून पुढच्या वर्षी तीच चूक नव्याने होते.

वापरायची पद्धत अशी. डावं पान निर्णयाच्या दिवशी लिहायचं, उजवं कोरं ठेवायचं. डावीकडचा नमुना: "12 डिसेंबर. 20 पैकी 12 क्विंटल विकायचा, 8 ठेवायचा. 31 मार्चपर्यंत भाव आजच्यापेक्षा 500 ने वाढेल: बारा आणे. कारण: आवक कमी. फेब्रुवारीअखेर 200 ने उतरला तर थांबायचं नाही. मन: सोसायटीच्या कर्जाची घाई, शेजाऱ्याने ठेवला म्हणून धीर." शेवटची ओळ लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त शिकवते तीच. पाच-सहा नोंदींनंतर 'शेजाऱ्याने ठेवला' किती वेळा आलं ते मोजता येतं.

टक्के जड वाटले तर आण्यांत लिहावं. बारा आणे म्हणजे 75 टक्के. "भाव वाढेल" एवढंच लिहिलं तर ती नोंद वाया गेली. आकडा आणि मुदत नसेल तर मन कुठल्याही निकालातून सुटतं.

उजव्या पानावर मुदतीनंतर निकाल. त्यात सुकून आलेली वजनातली घट आणि कर्जाचं व्याज वजा करायचं, नाहीतर 500 ची वाढ खोटीच दिसते. अंदाजाला गुण द्यायची रीत हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये मांडली. घडलं तर 1, नाही घडलं तर 0 धरायचं आणि आपल्या आकड्याशी फरक काढून त्याचा वर्ग करायचा; तो जितका कमी, तितका अंदाज बरा. 0.75 म्हटलं आणि घडलं, तर फरकाचा वर्ग 0.0625, नाही घडलं, तर 0.5625. सगळीकडे आठ आणेच लिहिले तरी सरासरी 0.25 येते. आपली त्याहून वर गेली, तर खात्री कमी धरायला शिकायचं. वीसेक नोंदींच्या आत मात्र या सरासरीवर विसंबू नये.

निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट, असं लगेच ठरवू नये. अवकाळीने केळी आडवी झाली तर तो लागवडीच्या हिशेबाचा दोष नाही. त्यासाठी डावीकडची कारणंच वाचावीत.

घेताना बांधणी शिवलेली पाहावी. नुसती चिकटवलेली पानं वर्षभरात सुटतात. स्पायरल नकोच, नकोसं पान त्यातून सहज फाडता येतं. पानांवर छापील क्रमांक असले तर उत्तम, नसले तर पहिल्याच दिवशी हाताने घालावेत. बॉलपेन वापरावं; ओला हात लागला की जेलची शाई पसरते. या रजिस्टरची खरी उणीव म्हणजे अनुक्रमणिका नाही, त्यासाठी पहिली दोन पानं मोकळी सोडावीत.

उजळणीचा दिवस आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या कराराने ठेवलेल्या गड्याचं, साल तेव्हाच फिरतं, कापसाचे पैसे हाती आलेले असतात आणि बियाणं अजून घेतलेलं नसतं.