पुण्याचे हरित न्यायाधिकरण: प्रतिवादीच्या वकिलाच्या नजरेतून

पुणे कॅम्पात कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभाग खंडपीठ बसते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एवढा मुलूख त्याच्याकडे आहे. अर्जदारासाठी हे दार खरोखर उघडे आहे. भरपाई मागायची नसेल तर हजार रुपयांत अर्ज दाखल होतो, मागायची असेल तर रकमेच्या एक टक्का शुल्क लागते. हे परीक्षण मात्र समोरच्या बाजूचे आहे: कारखाना किंवा पालिका यांच्यातर्फे उभे राहणाऱ्या वकिलाला इथे काय मिळते आणि त्याच्याकडून काय मागितले जाते.

कामाची गती चांगली आहे. दूरदृश्य प्रणालीने हजर राहता येत असल्याने महाड किंवा वापीच्या पक्षकाराला प्रत्येक तारखेला पुणे गाठावे लागत नाही. पीठावर न्यायिक सदस्यासोबत तज्ज्ञ सदस्य असतो, ही या व्यवस्थेची सर्वात मोठी जमेची बाजू. सीओडी (सांडपाण्यातली घाण मोजणारा आकडा) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर का गेला, हे तिथे तांत्रिक भाषेत सांगता येते. पण तयारी कच्ची असेल तर तिसऱ्याच प्रश्नाला वकील अडखळतो. म्हणून पहिल्या बैठकीला कंपनीच्या संचालकाआधी ईटीपी (कारखान्याचे सांडपाणी-प्रक्रिया संयंत्र) चालवणारा ऑपरेटर बोलवावा.

नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात म्हणणे दाखल करायचे असते. दिवाणी कोर्टातली ‘परिच्छेद अमुक नाकबूल’ छापाची कैफियत इथे निरुपयोगी ठरते. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १९ नुसार न्यायाधिकरण दिवाणी प्रक्रिया संहितेला बांधील नाही, पुराव्याच्या कायद्यालाही नाही; नैसर्गिक न्याय तेवढा पाळायचा. साक्षीदाराला उलटतपासात पकडू, या भरवशावर राहू नये. म्हणण्यासोबत जोडायचे ते कागद असे: प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतीपत्र, ईटीपीच्या वेगळ्या वीजमीटरची नोंद, चुना-तुरटीच्या खरेदीची बिले, घातक कचऱ्याचे नमुना १० मधील मॅनिफेस्ट (वाहतुकीचे नोंदपत्र) आणि दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे पर्यावरण विवरणपत्र. हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते आधी स्वतः तपासा. उत्पादन दुप्पट आणि ईटीपीची वीज तेवढीच, ही विसंगती पाहणी समितीच्या नजरेतून सुटत नाही.

सांडपाण्याच्या नमुन्याबाबत जुना बचाव असा: जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे नोटीस दिली नाही, नमुन्याचे दोन भाग केले नाहीत, सील आणि सह्या नाहीत. फौजदारी खटल्यात हा मुद्दा भारी पडतो, इथे एकटा पुरत नाही. त्याहून शास्त्रीय हरकत घेतलेली बरी. सीओडीचा नमुना गंधकाम्लाने पीएच २ खाली आणून थंड ठेवावा लागतो, धातूंसाठी नत्राम्ल लागते, तेल-ग्रीससाठी वेगळी काचेची बाटली. सगळे एकाच प्लास्टिकच्या कॅनमध्ये नेले असेल तर त्या आकड्यांवर अवलंबून राहता येत नाही. मात्र हे दाखवायला त्याच दिवशीची नोंद हवी, महिन्यानंतरचे प्रतिज्ञापत्र नव्हे.

सर्वात कमकुवत दुवा म्हणजे न्यायाधिकरणाने पाहणीसाठी नेमलेल्या संयुक्त समितीचा अहवाल. तो आला की प्रकरण जवळजवळ ठरल्यासारखे वाटते. तसे होऊ देऊ नये. समिती मदतीला असते, निवाडा न्यायाधिकरणानेच करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुरतेकडच्या कांठा विभाग युवा कोळी समाज प्रकरणात स्पष्ट केले आहे. अहवालाची प्रत मागून घ्या आणि हरकती मुद्देसूद, लेखी द्या. तोंडी हरकत नोंदली जाईलच असे नाही.

भरपाईच्या पैशांचे गणित केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रावर चालते: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, उद्योगाचा आकार, रुपयांचा घटक आणि स्थानाचा घटक यांचा गुणाकार. लाल (सर्वाधिक प्रदूषणकारी) वर्गाला ८०, लघुउद्योगाला ०.५, रुपयांचा घटक २५० आणि दहा लाखांखालच्या लोकवस्तीला १ धरले तर दिवसाला १०,००० रुपये होतात. खरी मेख दिवसांत आहे. समजा, १० जानेवारीला नमुना नापास झाला आणि २५ जानेवारीला दुरुस्ती संपली, पण मंडळाला कळवले नाही आणि अधिकाऱ्याची फेरतपासणी ३० एप्रिलला झाली. दीड लाखाचे ११ लाख होतात, कारण मोजणी दुरुस्तीच्या नव्हे, पडताळणीच्या दिवशी थांबते. म्हणून दुरुस्तीच्या दिवशीच पोच घेऊन पत्र द्यावे आणि फेरनमुन्याची मागणी त्याच पत्रात करावी. उलाढालीवरून दंड लावला असेल तर २०२४ चा जळगावच्या बेंझो केमचा निकाल पुढे ठेवावा: उत्पन्नाच्या आधारावर लावलेला २५ कोटींचा दंड सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बांधकाम प्रकल्पांचा हिशेब मात्र वेगळा. पुण्याच्याच गोयल गंगा प्रकरणात २०१८ मध्ये १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यांतली मोठी रक्कम भरायला लावली होती.

शेकडो कुटुंबांच्या नुकसानीची प्रकरणे वेगळ्याच वजनाची असतात. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी याच खंडपीठाने जेएनपीटी बंदराच्या परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये मंजूर केले, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला ५ लाख ८४ हजार. अशा वेळी ‘खाडीत मासे होतेच कुठे’ असे म्हणणे चुकीचे तर आहेच, अशिलालाही ते महागात पडते. अपघात असेल तर कलम १७ प्रमाणे निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नसते. खरा बचाव त्याच कलमात आहे: अनेकांच्या कामांतून मिळून नुकसान झाले असेल तर जबाबदारी न्याय्य रीतीने वाटता येते. तारापूरसारख्या ठिकाणी, जिथे सामायिक प्रक्रिया केंद्रात अनेक कारखान्यांचे पाणी मिसळते, तिथे प्रवाहमापकाच्या नोंदी आणि आपल्या पाण्याचे आत सोडतानाचे आकडे हाच वाटणीचा आधार. मीटर बंद असेल तर अशिलाला शेजाऱ्याचाही वाटा उचलावा लागू शकतो.

त्रुटी दोन सांगायलाच हव्यात. कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे सातबारा, पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव यांची भाषांतरे आधीच तयार ठेवावी लागतात. त्यात गावकरी आणि छोटा कारखानदार दोघेही अडतात. दुसरी त्रुटी मुदतींची. पर्यावरणाच्या वादाचा कलम १४ चा अर्ज सहा महिन्यांत आणि वर फार तर ६० दिवसांत, भरपाईचा पाच वर्षांत. प्रदूषण सुरूच असेल तर मुदतीचा आक्षेप क्वचितच टिकतो, त्यावर म्हणण्याची दहा पाने घालवू नका. मंडळाने आपल्यावर काढलेल्या आदेशाविरुद्ध कलम १६ खाली अपील करायचे असेल तर ३० दिवस, कारण दाखवून आणखी ६०. नव्वद दिवसांनंतर न्यायाधिकरणाला विलंब माफ करताच येत नाही, तेव्हा आदेश हाती पडल्याची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.